चांद्याच्या हिरड्या

नमस्कार मंडळी, राम राम. वावरातून आत्ताच घरी आलेल्या भावांना राम राम, आणि भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या माझ्या बहिणींना पण राम राम.

मला विषय दिलाय पाळीव कुत्र्याचं आजारपण, आणि तो त्यातून बरा कसा झाला. आमचा चांद्या आजारी पडला तो गोचिडामुळे, म्हणून गोष्ट चांद्याची आणि बोलणं गोचिडाचं, असं समजा. दोन गोष्टी मी आज परत परत सांगणार आहे, कंटाळू नका. एक, कुत्र्याच्या हिरड्या बघा. दुसरी, डॉक्टरांनी २८ दिवस गोळ्या सांगितल्या तर २८ दिवसच द्या, पाच नाही, दहा नाही. हिरड्या आणि २८ दिवस.

चांद्या आमचा गावरान. अंगाने काळा, कपाळावर पांढरा चांद. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, घरी कापूस, सोयाबीन, थोडी तूर, एक बैलजोडी आणि एक गाय. चांद्याला आणलं आमच्या सासूबाईंनी, आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो, बाजारातून येताना पदरात घालून आणला होता एवढासा. आज तो रात्री वावरात यांच्यासोबत जागलीला जातो, रानडुकरं आली, रोही म्हणजे नीलगाई आल्या की आधी त्याला कळतं. नंतर नागपूरला आमचा खर्च झाला तेव्हा लोक म्हणाले, एका कुत्र्यापायी एवढे पैसे? ज्यांच्या उभ्या तुरीत रोह्यांचा कळप घुसलाय ना, त्यांनी असं बोलू नये असं मला वाटतं, आणि तूर नसती, वावर नसतं, तरी पण आम्ही नेलाच असता.

तर गेल्या वर्षी आषाढात त्याला ताप आला. खाईना, डोळे लाल, कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या मधे गोचीड. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की महिनाभर द्यायच्या. पाचव्या दिवशी चांद्या उठला, वरण-भाकर खाल्ली, शेजारच्या मांजरीमागे पळाला. मग आम्ही गोळ्या बंद केल्या. उरलेलं पाकीट मी कोनाड्यात डब्याखाली ठेवून दिलं. चूक आमची, दुसऱ्या कोणाची नाही.

कारण हा आजार असाच आहे बघा. गोचीड चावला की त्याच्या तोंडातून एक बारीक जंतू रक्तात जातो, एर्लिकिया म्हणतात त्याला, आणि तो पांढऱ्या पेशींमधे जाऊन बसतो. आधी ताप येतो, मग ताप जातो, कुत्रं धडधाकट दिसतं, महिनोन्‌महिने दिसतं, आणि आतल्या आत रक्त गोठवणाऱ्या पेशी, त्या प्लेटलेट, कमी कमी होत जातात. काही कुत्र्यांत तर हाडातला मगज, जिथं रक्त तयार होतं, तोच थकून जातो. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून म्हणते हिरड्या बघा. ओठ वर करा, हिरडी गुलाबी पाहिजे, बोटाने दाबून सोडली की पांढरी होऊन दोन सेकंदाच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. काळी हिरडी असलेलं कुत्रं असेल तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतून बघा.

आता पोळ्याचा दिवस. घरात पुरण शिजतंय, हे बैलांच्या शिंगांना रंग लावत होते, आणि चांद्या, जो दरवर्षी बैलांच्या पुढे पुढे तोरणापर्यंत जातो, तो बंडीखाली पडून. दोन दिवसांपासूनच मंद होता. शेजारच्या पोट्ट्याने मेडिकलमधून माणसाची अंगदुखीची गोळी आणून दिली, डायक्लोफिनॅक, आम्ही सकाळी ती पण दिली. मंडळी, ही गोळी कुत्र्याला कधीच देऊ नका. पोटात जखमा होतात, आणि ज्याच्या प्लेटलेट आधीच कमी त्याला तर आतून रक्त जातं. दुसऱ्या दिवशी चांद्याची विष्ठा डांबरासारखी काळी. हेच औषध गुरांना द्यायला आपल्या देशात २००६ साली बंदी आली, कारण औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. माझ्या लहानपणी माहेरी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची, आम्ही पोरी लांबून मोजायचो, आता माझ्या पोराने गिधाड फक्त पुस्तकात पाहिलंय. गडचिरोलीकडे वनविभागाने त्यांच्यासाठी खाद्याच्या जागा केल्या आहेत, हे फार चांगलं काम आहे, याच्यावर एकदा वेगळं बोलायला मिळालं तर मी बोलेन.

असो, पोळ्याचा दिवस. बैल पूजून आले, आई त्यांना ओवाळत होत्या, आणि त्यांचं लक्ष बंडीखाली गेलं. "वो बाई, हे पाय, याच्या नाकातून रगत येऊन रायलं." मी खाली वाकले. काळ्या नाकातून लाल धार, एकाच बाजूने, मातीत थेंब थेंब. ओठ वर केला तर हिरड्या पांढऱ्या फक्क, कागदासारख्या.

त्या रात्री घरात कोणी नीट झोपलं नाही. सकाळी मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पीडा घेऊन जाते ती. पहाटे पोरं गल्लीतून ओरडत निघाली, "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत," आणि आई सपरीत उभ्या राहून हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "माश्या, मोंगसे, ढेकूण, गोचिड्या, समदं घेऊन जाय गे मारबत." गोचिड्या हा शब्द त्यांनी त्या दिवशी घातला. त्यांचा आवाज कापत होता, मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांनी ओठ उघडून पाहिलं आणि म्हणाले, इथं वेळ घालवू नका, नागपूरला न्या. तिसऱ्या दिवशी पहाटे दिराची गाडी, मागे पोतं अंथरलं, चांद्याचं डोकं माझ्या मांडीवर, जाम, बुटीबोरी करत आम्ही वेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात. १९५८ पासूनचं कॉलेज आहे ते, पण आपल्याकडे कितीतरी लोकांना माहितच नाही की तिथं कुत्र्या-मांजरांवर पण उपचार होतात. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन चार. चांगल्या कुत्र्याचं बाराच्या वर असतं. प्लेटलेट अठरा हजार, पाहिजे दोन लाखांच्या आसपास. डॉक्टर म्हणाले, औषध सुरू करतो पण औषधाला वेळ लागतो, तेवढा वेळ याच्याकडे नाही, याला रक्त द्यावं लागेल, एखादं निरोगी कुत्रं आणा, पंचवीस किलोच्या वर, तरुण, अंगावर गोचीड नसलेलं.

आता पंचवीस किलोचं कुत्रं आमच्या गावात एकच. बकऱ्यावाल्या मामाचा वाघ्या.

इथं मला थोडं थांबून सांगू द्या, कारण वाघ्या आणि चांद्या यांचं हाडवैर. आमच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मामाच्या बकऱ्या जायच्या, आणि हे दोघं दोन बाजूंनी असे भुंकायचे की आम्हाला काम सोडून जावं लागायचं. एकदा तर वाघ्याने चांद्याचा कान फाडला, ती खूण अजून आहे. मामा अन आमचं काही भांडण नाही, भांडण या दोघांचंच. यांनी फोन लावला, दीर गाडी घेऊन परत गावाकडे, आणि मामा त्या वेळी पडीतात साठ बकऱ्या घेऊन. दिराने सांगायला सुरुवात केली तर मामा म्हणाले, "रगत पायजे ना? मंग चाल. बकऱ्या पोट्टा पायते." एवढंच. कशाला, किती, वाघ्याला काही होईल का, काही विचारलं नाही.

पण वाघ्या गाडीत चढेना. जन्मात गाडीत बसला नव्हता. ओढला तर चारी पाय रोवून बसला, भाकर दाखवली तर तोंड फिरवलं. मग मामाने त्याला सोडलं, स्वतः गाडीत चढले, खांद्यावरची घोंगडी काढून मागे अंथरली आणि तिच्यावर बसले, वाघ्याकडे बघितलं पण नाही. थोडा वेळ गेला, आणि वाघ्या स्वतःहून उडी मारून त्या घोंगडीवर येऊन बसला. ज्या घोंगडीवर तो रोज रात्री झोपतो ती घोंगडी. हे दीर सांगतो तेव्हा अजून त्याचा आवाज भरून येतो.

दवाखान्यात पोचले तोवर चार वाजले होते. वाघ्याचं रक्त आधी तपासलं, स्लाइडवर पाहिलं, चांद्याच्या रक्ताशी मिसळून पाहिलं. डॉक्टरांनी समजावलं की कुत्र्यांचे पण रक्तगट असतात, पण माणसासारखं दुसऱ्या गटाच्या विरोधातलं त्यांच्या रक्तात सहसा आधीपासून तयार नसतं, म्हणून पहिल्यांदा दिलेलं रक्त बहुतेक वेळा चालतं, दुसऱ्यांदा मात्र जुळवूनच द्यावं लागतं. मग वाघ्याला टेबलावर घ्यायचं. स्टीलचं टेबल, पाय घसरायला लागले, तो घाबरला. मामाने परत घोंगडी टाकली. आडवा झाला. त्याच्या मानेवरचे केस काढले, सुई लावली, आणि मामा त्याच्या कानापाशी तोंड नेऊन तोच आवाज काढत होते, बकऱ्यांना वळवताना काढतात तो, जिभेने टक टक, अगदी हळू. खाली रक्ताची पिशवी, ती सारखी हलवत राहावी लागते नाहीतर रक्त गोठतं, ते काम दिराला दिलं होतं, बाळाला झोका द्यावा तसा तो पिशवीला झोका देत बसला. साडेतीनशे मिली. वाघ्या हलला नाही.

मग ते रक्त चांद्याला. पहिला अर्धा तास अगदी थेंब थेंब, काही उलटं होतं का बघायला, मग थोडं जोरात. रात्रभर मी त्याच्या शेजारी. दर तासाला ओठ वर करून बघायची. बारा वाजता पांढऱ्या. दोन वाजता पांढऱ्या. पहाटे जरा झाक आल्यासारखी वाटली, पण मला वाटलं आपल्याच डोळ्यांचा भास, म्हणून यांना उठवलं, म्हटलं बघा. आपल्या पऱ्हाटीचं, कापसाचं फूल बघता ना तुम्ही, उमललं त्या दिवशी पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, अगदी तसं. सकाळी त्याने शेपूट हलवली, एकदाच, जमिनीवर आपटल्यासारखी. मी तिथंच रडले.

आणि आता परत सांगते, २८ दिवस. रक्ताने जीव वाचला, पण आजार गोळ्यांनी गेला. डॉक्सीसायक्लिन, त्याच्या वजनाप्रमाणे सकाळी एक, संध्याकाळी एक. आईंनी एकदा दह्यात कालवून दिली तर डॉक्टर म्हणाले दुधा-दह्यात नको, गोळीचा गुण कमी होतो, आणि उपाशीपोटी पण नको, उलटी होते. मग उकडलेल्या अंड्यात घालून द्यायची आणि वरून पाणी पाजायचं, कारण ही गोळी घशाखाली अडकली तर तिथं जखम करते. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर पोरगा रोज फुली मारायचा. आठव्या दिवशी चांद्या पूर्ण बरा दिसत होता, मांजरीमागे पळाला परत. फुली मारणं चालू. घटस्थापनेला शेवटची फुली. तुमचं कुत्रं आठव्या दिवशी उड्या मारेल, तरी पण २८ दिवस. वजन बघून गोळी किती ते डॉक्टरच ठरवतील, माझं ऐकून आणू नका.

गोचिडाचं आता पटकन सांगते, वेळ कमी आहे. गाईच्या अंगावरचा गोचीड जास्त करून गाईवरच वाढतो, पण कुत्र्याचा तांबडा गोचीड तीनदा खाली पडतो, भिंतीच्या फटीत, छपराच्या लाकडात जाऊन कात टाकतो आणि परत कुत्र्यावर येतो, एक मादी हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. आम्ही गुरांच्या कोठ्याच्या आणि सपरीच्या फटी बुजवल्या, डॉक्टरांना विचारून फवारणी केली, दोन-तीन आठवड्यांनी परत केली कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत. घरात मांजर असेल तर तसं आधी सांगा, काही औषधं मांजरीला चालत नाहीत. गोचीड चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायचा, साबणाच्या पाण्यात टाकायचा. नखाने चिरडायचा नाही, उदबत्तीने जाळायचा नाही, आणि रॉकेल तर कुत्र्याच्या अंगाला अजिबात लावायचं नाही.

चांद्या आता ठणठणीत आहे. गेल्या तपासणीत प्लेटलेट दोन लाखांच्या वर. वाघ्या आणि तो धुऱ्यावर अजून भुंकतात, त्यात काही फरक नाही. मामाला आम्ही पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत, म्हणाले, "वाघ्याले इचारा."

पोळा पंधरा दिवसांवर आलाय. खांदशेकणीच्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावून आपण त्यांना आवतन देतो ना, तर आईंनी आत्ताच सांगून ठेवलंय, बैलांना देऊन झालं की त्या मामाच्या घरी जाणार आहेत, वाघ्याच्या पुढे उभं राहून म्हणणार आहेत, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

नमस्कार.