दोन बोटांची फट

[दृश्य: सकाळची हिरवळ, दवात उमटलेल्या पावलांच्या खुणा, मग हातांचा क्लोजअप]

गोल्फच्या चेंडूपासून होल तीन फुटांवर आहे. आता फक्त उजव्या मनगटाकडे बघा. पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, मागे गेला, पुढे आला आणि चेंडूला लागता लागता मनगटाला हिसका बसला. पुन्हा दाखवतो, सावकाश. हा हिसका खेळाडू मुद्दाम देत नाही, तो थांबवणंही त्याच्या हातात नसतं. गोल्फमध्ये याला 'यिप्स' म्हणतात. अडीचशे यार्डांचा फटका सरळ मारणारा माणूस इथे, तीन फुटांवर, अडकतो.

[दृश्य: किआवा आयलंड, 1991, जुनं चित्रण]

युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या रायडर कपची शेवटची लढत, शेवटच्या होलची हिरवळ. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर. सुमारे सहा फुटांचा पट, म्हणजे पटरचा फटका. चेंडू आत गेला तर सामना बरोबरीत सुटेल आणि कप युरोपकडेच राहील.

[निवेदन नाही. दहा सेकंद. चेंडू बाहेरच राहतो.]

या माणसानं यिप्सशी आयुष्यभर झुंज दिली. 1993 साली त्यानं दुसऱ्यांदा मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हाची त्याची पकड बघा: डावा हात दांड्यावर खूप खाली, आणि उजव्या हाताच्या मुठीत दांडा व डाव्या हाताचा कोपराखालचा भाग एकत्र आवळलेले. दिसायला विचित्र आहे, पण मनगट हलूच शकत नाही. पुढे तो लांब पटरकडे वळला.

[दृश्य: लांब पटर, बाजूनं]

नेहमीचा पटर साधारण पस्तीस इंचांचा असतो. हा जवळपास खेळाडूच्या छातीपर्यंत येतो. वरचं टोक डाव्या हातात, आणि तो हात छातीला टेकवलेला. टेकवलेला हात म्हणजे बिजागरी. उजवा हात खाली, बोटांच्या टोकांनी नुसता ढकलतो. घड्याळाच्या लंबकासारखा दांडा झुलतो आणि मनगटाला काम उरत नाही. याचाच धाकटा भाऊ बेली पटर: त्याचं टोक थेट पोटाला, बेंबीच्या आसपास टेकवायचं. कुठल्याही पद्धतीत स्प्रिंग नाही, मोटर नाही. हिरवळीचा उतार वाचायचा, वेग ठरवायचा, हे सगळं खेळाडूलाच करावं लागतं.

लांब पटर काही कालपरवा आला नाही. 1989 साली ऑर्व्हिल मूडीनं तो वापरून अमेरिकेची ज्येष्ठ खेळाडूंची सीनियर ओपन स्पर्धा जिंकली. वर्षानुवर्षं तो हातात दिसला की लोक समजायचे, बिचाऱ्याचं पटिंग गेलं. तेव्हा नियमांना काही खुपलं नाही.

[दृश्य: छायाचित्रं, एकामागून एक]

पण पुढे खुपलं. पटरवर किंवा पद्धतीवर बंदी येणं, गोल्फमध्ये हे आधीही घडलंय. 1904 साली वॉल्टर ट्रॅव्हिस अमेरिकेहून इंग्लंडमधल्या सँडविच गावी आला आणि मधोमध दांडा बसवलेला 'स्केनेक्टडी' पटर वापरून हौशी खेळाडूंची ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकून गेला. काही वर्षांत ब्रिटनमध्ये त्या घडणीच्या पटरवर बंदी आली, ती उठायला चाळीस वर्षं लागली. 1960च्या दशकात अमेरिकेचा नामवंत खेळाडू सॅम स्नीड याचं मनगट दगा देऊ लागलं, म्हणून तो चेंडूच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून, समोर तोंड करून मारू लागला. 1968पासून तेही बंद. स्नीड मग दोन्ही पाय रेषेच्या एकाच बाजूला घेऊन उभा राहिला आणि खेळत राहिला.

[दृश्य: करंडक उचलतानाचे क्षण]

2011, कीगन ब्रॅडली, पीजीए चॅम्पियनशिप. 2012, वेब सिम्पसन, यूएस ओपन. त्याच उन्हाळ्यात एर्नी एल्स, द ओपन. सलग पाच मोठ्या स्पर्धांपैकी तीन, तिघांचेही पटर पोटाला टेकलेले. नोव्हेंबर 2012मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्थांनी बंदीचा प्रस्ताव मांडला. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही हातांनी दांडा मोकळा फिरवणं हा या खेळाचा गाभा आहे. या पद्धतीनं चेंडू जास्त वेळा होलमध्ये जातो, असा दावा त्यांनी आकड्यांनिशी केलाच नाही. मला ही बाब फार मोठी वाटते.

प्रस्ताव चर्चेत असतानाच, एप्रिल 2013.

[दृश्य: मास्टर्सचं मैदान ऑगस्टा, पाऊस, अंधारत चाललेली दहाव्या होलची हिरवळ]

बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफचं दुसरं होल. अ‍ॅडम स्कॉट, लांब पटर छातीला टेकवून. त्याच्या ऑस्ट्रेलियाला मास्टर्स कधीच मिळाली नव्हती.

[चेंडू आत जातो. मूळ आवाज पूर्ण.]

मे महिन्यात नियम मंजूर झाला, 1 जानेवारी 2016पासून लागू. पटर कितीही लांब चालेल, शरीराला टेकवायचा नाही. टेकवला तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात, दोन फटक्यांचा दंड. लांब पटर टेकवून खेळणाऱ्या टिम क्लार्कला जन्मापासून मनगटं पूर्ण उताणी करता येत नाहीत. त्याच्यासारख्यांना नव्यानं शिकावं लागलं.

[दृश्य: लँगर, अलीकडचं चित्रण, छातीचा क्लोजअप]

लँगरचा पटर तोच लांब आहे. वरचा हात आता छातीपासून किंचित पुढे, मध्ये दोन बोटांची फट. 2017मध्ये टीव्हीवर बघणाऱ्यांनी शंका घेतली की हात टेकतोय. सदरा वाऱ्यानं हलला तरी कॅमेऱ्याला तसं दिसतं. यूएसजीएनं सांगितलं की नियम मोडल्याचा पुरावा नाही, कारण नियम खेळाडूच्या हेतूवर उभा आहे आणि हेतू त्याचा त्यालाच ठाऊक. 2023मध्ये, पासष्टाव्या वर्षी, त्यानं याच फटीसकट यूएस सीनियर ओपन जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, दहाएक वर्षं यिप्सनं छळलेला लुकस ग्लोव्हर लांब पटर अंगापासून दूर धरून लागोपाठ दोन स्पर्धा जिंकला.

[दृश्य: ग्लोव्हरचे हात. तीन फुटांचा पट. चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज.]