घाटावरून परत येणारा तिरंगा

नागपूरचा अंबाझरी घाट. सरण रचून झालंय. ओट्याच्या पलीकडे माणसंच माणसं, कोणी झाडावर, कोणी भिंतीवर, हातात मोबाइल. 'अमर रहे'च्या घोषणा अजून थांबलेल्या नाहीत. लष्करी ट्रकमधून शवपेटी उतरते आणि नजर तिच्यावरच्या तिरंग्यावर जाते.

तो कसा घातलाय, नीट बघा. केशरी पट्टा डोक्याकडे, हिरवा पायांकडे. भारतीय ध्वजसंहिता, २००२ यात केशरी डोक्याकडेच हवा असं स्पष्ट लिहिलंय. वाचायला सोपं आहे, पण हात चुकतो. चादर पसरायची सवय असते ना! झेंड्याची लांबी पेटीच्या लांबीला जुळवली की केशरी एका कुशीला जातो, हिरवा दुसऱ्या. म्हणून झेंड्याची लांब बाजू पेटीवर आडवी घ्यावी लागते. दोन्हीकडे कापड लोंबतं. ते जमिनीला लागू नये म्हणून जवान कडा वर घेऊन नीट खोचतात.

नागपूरला वर्दी नवी नाही. कामठीत गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, वायुसेनानगरात वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. झेंड्याशीही या शहराचं नातं जुनं. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघाले म्हणून इथे लोक तुरुंगात गेले. तरीही अंत्ययात्रेच्या गर्दीत आपलं चुकतंच. फुलांनी सजवलेल्या गाडीच्या टपावर, बाजूंना, मागे राष्ट्रध्वज पसरून बांधला जातो. संहितेत त्याला मनाई आहे. झेंडूच्या माळा हव्या तितक्या लावा. आणि रस्त्यात वाटलेले कागदी झेंडे? दुसऱ्या दिवशी सकाळी झाडणाऱ्या बाईच्या खराट्याखाली कोण येतं, ते ज्याचं त्यानं आठवावं.

खरा अवघड प्रसंग घरी येतो. आमच्या ओळखीतले एक आजोबा गेले. फौजेतून निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली होती. नातवानं सीताबर्डीतून झेंडा आणला, तिरडीवर घालायला. आजोबांचेच एक सोबती, जुने सुभेदार, दारात बसले होते. त्यांनी त्याचा हात धरला. "असा आपल्या मनानं नाही टाकत बेटा. आणि टाकलाच, तर तिथून काढणार कोण, घडी कोण घालणार?" नातू रागावला. पण बरोबर सुभेदारच होते. राष्ट्रध्वजासारख्या राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार शासकीय इतमाम, सैन्यदलं किंवा निमलष्करी दलांचे अंत्यसंस्कार सोडून तिरंगा असा पांघरणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रेमानं केलं, हे कायद्याच्या लेखी उत्तर नाही. शेवटी आजोबांच्या छातीवर त्यांची पदकं ठेवली. मला तेच जास्त शोभून दिसलं.

परत घाटावर. पुष्पचक्रं वाहून झाली. 'शोक शस्त्र'चा हुकूम होतो, रायफलींची तोंडं खाली वळतात. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' सुरू होते आणि घोषणा आपोआप विरतात.

आता तिरंगा काढायचा. दहन असो की दफन, तो चितेत जाळत नाहीत, कबरीत उतरवत नाहीत. देहाची आणि झेंड्याची सोबत इथपर्यंतच. जवान दोन्ही बाजूंना उभे राहतात, कापड ताणून सरळ उचलतात, कोपरा खाली पडू देत नाहीत. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडला जातो. मग पांढरा पट्टा दोन्ही टोकांकडून मध्याकडे येतो. वर उरतं निळं अशोकचक्र, कडेला केशरी-हिरव्याची थोडी किनार. ही घडी काखेत मारून नेत नाहीत. दोन्ही तळहातांवर धरून नेतात.

अधिकारी आईसमोर येऊन थांबतो. तिच्या एका हातात अजून डोळे पुसायचा पदर आहे. तो घाई करत नाही. कोणीतरी तिच्या कानाशी काही बोलतं. ती पदर सोडत नाही. दोन्ही हातांनी तोच पुढे पसरते, ओटी घ्यावी तसा.

तो वाकतो आणि घडी तिच्या पदरात ठेवतो.

मागे सरणाला अग्नी दिला जातो.