शेवटच्या पट्टीवरून

(यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. खिडकीबाहेर फुटलेला कापूस.)

शेवटच्या पट्टीवर बसलेली ही पोरगी फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करते. मग शेजारणीच्या वहीत डोकावून लिहून घेते. गुरुजींना वाटलं, हिचं लक्षच नाही. तिनं कधी तक्रार केली नाही. करणार कशी? फळा सगळ्यांनाच असा पुसट दिसतो, अशी तिची समजूत.

डोळे बारीक करणं ही खोड नव्हे. पापण्यांच्या फटीतून मोजकेच किरण आत जातात आणि अक्षर जरा रेखीव होतं. तिचा डोळा तिला मदत करत होता, आपल्यालाच ते उमगलं नाही.

(डोळ्याचं चित्र.)

डोळा समोरून मागं साधारण 24 मिलिमीटर लांब. बुबुळावरची काचेसारखी पारदर्शक चकती आणि आतलं भिंग प्रकाश वळवून मागच्या पडद्यावर नेमका आणतात. हिचा डोळा वाढता वाढता थोडा जास्त लांब झाला. एका मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ अडीच-तीन नंबर! किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. वही स्वच्छ, फळा धूसर. मधे पातळ, कडेला जाड असं उणे नंबरचं भिंग ते किरण किंचित पसरवून पडद्यावर पोचवतं.

डोळा आखूड असला तर उलटं, तिथं अधिक चिन्हाचा नंबर लागतो. आणि डोळ्याचा समोरचा भाग सगळीकडून सारखा गोल नसेल, तर सिलिंडरचा नंबर.

(अंगण. सुईत दोरा ओवणाऱ्या आजी.)

आजी सुई लांब धरतात. आणखी लांब. "हात पुरत नाही बाप्पा आता," म्हणतात. चाळिशीनंतर आतलं भिंग ताठर होतं, जवळचं पाहायला फुगत नाही. तुरीतले खडे निवडायचे, तर जवळचा चष्मा हवाच. मात्र म्हातारपणी लांबचंही धुरकट दिसू लागलं, तर तो मोतीबिंदू असू शकतो. त्यावर इलाज शस्त्रक्रियेचा.

चष्म्यानं नंबर वाढतो, हे खरं नाही. वाढत्या वयात डोळा वाढतो, म्हणून नंबर वाढतो. पोरीला चष्मा लागला तर लग्नाचं कसं, हा प्रश्न ऐकला की जीव तुटतो. एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल आणि लहानपणी चष्मा दिला नाही, तर तो डोळा नीट पाहायला शिकतच नाही. पुढं चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही. म्हणून सात-आठ वर्षांच्या आत तपासून घ्या. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून आहे. शाळेतली तपासणी आणि गरजू मुलांना मोफत चष्मे त्यातूनच मिळतात. गुरुजींना विचारा, ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा.

(वर्ग. मुलीच्या नाकावर नवा चष्मा.)

पहिल्यांदा ती खिडकीबाहेर पाहते. पांढऱ्या धुक्याच्या जागी एकेक बोंड. मग फळ्याकडे वळते. वार, दिनांक, सुविचार. कोपऱ्यात बारीक अक्षरात पटसंख्या.

"हे रोजच लिहिता का, गुरुजी?"