छातीतली धडधड आणि अजिंक्यताऱ्याचा चढ

नमस्कार मैत्रिणींनो! आज एन्झायटीबद्दल, म्हणजे सतत वाटणाऱ्या भीती-काळजीबद्दल, आणि त्यात व्यायाम कसा उपयोगी पडतो ते बोलूया. घरात सगळं ठीक असताना छातीत धडधडतं, तळहात घामेजतात, रात्री तीनला जाग येते आणि काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. हा त्रास बायकांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट दिसतो. बाळंतपणानंतर किंवा पाळी जायच्या वयात हार्मोन्स वर-खाली होतात, तेव्हा तो वाढूही शकतो.

आता सकाळी साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्यावर बघा. पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट शूज घालून कितीतरी जणी चढत असतात. पहिल्या वळणालाच दम लागतो, कानात ठोके ऐकू येतात, पाठ भिजते. जीव घाबरल्यावर शरीरात हेच तर होतं! पण इथे कारण माहीत असतं, आणि दोन मिनिटं कडेला थांबलं की ठोके आपसूक उतरतात. हे रोज अनुभवलं की धडधडीची धास्तीच कमी होत जाते. पॅनिक अटॅकमध्ये माणूस धडधडीला घाबरतो आणि घाबरल्यामुळे धडधड आणखी वाढते. हे चक्र इथे सैल पडतं. व्यायामाचा मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा फायदा. झोप सुधारते, ते आणखी वेगळं.

"अगं, दिवसभर राबतेच की मी!" राबता, खरंच राबता. पण भाकरी थापताना डोक्यात मुलाची फी, सासूबाईंच्या गोळ्या, नळाला पाणी कधी येणार, हे चालूच असतं. तो वेळ तुमचा नसतो. म्हणून घरच्यांनाही सांगते, सकाळचा चहा तुम्ही करा आणि तिला जाऊ द्या.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा. गुडघे दुखत असतील तर चढ सोडा, सपाटीवर झपझप चाला.

एक मात्र करा. थायरॉइड बिघडला किंवा हिमोग्लोबिन कमी झालं तरी धडधडतं, तेव्हा आधी रक्त तपासून घ्या. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका. आणि फारच असह्य झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा, 14416. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.