बरोबरी नको, विजयच हवा

श्रोतेहो, नमस्कार! अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधली एक लढत आज तुम्हाला सांगायची आहे. 1 जानेवारी 2007. अ‍ॅरिझोना राज्यातल्या ग्लेनडेलमध्ये फिएस्टा बोल, हंगामाअखेरचा एक मानाचा सामना. एका बाजूला ओक्लाहोमा, तोवर सात वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला संघ. समोर आयडाहोचा बॉयसी स्टेट. निळ्या मैदानावर सराव करणारा, 1996 साली वरच्या श्रेणीत आलेला. हंगामातले बाराही सामने त्यांनी जिंकले होते, पण खऱ्या दादा संघापुढे यांचा निभाव लागेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

आणि तिसऱ्या सत्रात बॉयसी 28-10 नं पुढे! पण ओक्लाहोमानं गाठलंच. 28-28. लगेच बॉयसीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जॅरेड झब्रान्स्की याची फेक प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली आणि तो थेट गोलरेषेपार गेला.

आता सात गुणांची पिछाडी, उरलेत 18 सेकंद. शेवटचा प्रयत्न, आणि चेंडू आपल्याकडे राखायचा तर 18 यार्ड पुढे जाणं भाग. झब्रान्स्कीनं चेंडू सहकारी ड्रिसन जेम्सकडे फेकला. बचावपटू जेम्सवर झेपावले, तोच त्यानं चेंडू उलट दिशेनं पळत येणाऱ्या जेरार्ड रॅबकडे सोपवला. रॅब सुसाट सुटला! सात सेकंद राखून बरोबरी.

जादा वेळेत एड्रियन पीटरसननं पहिल्याच धावेत ओक्लाहोमाला पुढे नेलं. बॉयसीनंही टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन सहा गुण मिळवले. 42-41. आता साधी किक मारली की एक गुण, पुन्हा बरोबरी. पण मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष असलेले बॉयसीचे क्रिस पीटरसन म्हणाले, दोन गुणांसाठी जायचं, म्हणजे किकऐवजी एकाच प्रयत्नात चेंडू पुन्हा गोलरेषेपार न्यायचा. चुकलं तर हार. मला या सामन्यातलं सगळ्यात मोठं धाडस हेच वाटतं. खेळ जितका लांबेल, तितकी ओक्लाहोमाची ताकद भारी पडणार, हे उघड होतं.

झब्रान्स्कीनं उजव्या हातानं फेकीची हूल दिली. चेंडू होता पाठीमागे, डाव्या हातात! बॉयसीच्याच इयन जॉन्सननं तो अलगद घेतला आणि मोकळ्या जागेतून आत. 43-42! मग त्याच मैदानात, कॅमेऱ्यासमोर, त्यानं मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली. ती हो म्हणाली.

तेरा सामने, तेरा विजय. त्या हंगामात वरच्या श्रेणीत दुसरा एकही संघ अपराजित नव्हता. तरी क्रमवारीत बॉयसी पाचवा, आणि विजेता एक सामना हरलेला फ्लोरिडा. अंतिम सामन्याचे दोन संघ तेव्हा मतांवर आणि संगणकाच्या गणितावर ठरायचे. या मुलांना विजेतेपदासाठी मैदानात उतरूच दिलं नाही, हे मला आजही खटकतं.