हिममानव, भुयारी रेल्वे आणि फाटलेली पानं

मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'मालिकांवरच्या कादंबऱ्या: साहित्य की जोडधंदा', त्यावर येतोच, पण आधी एक किस्सा. इथल्या निम्म्या लोकांनी तो ऐकलाय, त्यांनी हसायच्या जागी हसावं एवढीच विनंती.

कॉलेजात असताना फोर्टच्या फुटपाथवर पाच रुपयांना 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेवरचं एक बारकं पुस्तक मिळालं, 'डॉक्टर हू अँड द वेब ऑफ फिअर', लेखक टेरन्स डिक्स, १९७६ चं. लंडनच्या भुयारी रेल्वेत हिममानव घुसलेत, बोगद्यांत कोळिष्टकं पसरतायत आणि मिलिटरी आत अडकलीय. मालिका मी बघितलीच नव्हती, त्यामुळे डॉक्टर कोण हे खरंच माहीत नव्हतं. (हसलात, आभारी आहे.) रात्री दोनपर्यंत वाचत बसलो आणि शेवटची दहाएक पानं गायब! कुणीतरी त्यात भेळ बांधून दिली असणार. दुसऱ्या दिवशी भांडायला गेलो तर विक्रेता म्हणतो, पाच रुपयांत शेवट पण पायजे? मग एका ग्रंथपालांना विचारलं, ते चष्म्यावरून बघत म्हणाले, टीव्हीवरून काढलेलं पुस्तक म्हणजे उष्टं, आम्ही उष्टं ठेवत नाही. हा शब्द मला अजून बोचतो बरं का.

कारण ही पुस्तकं आली कशातून ते बघा. मालिका १९६३ पासूनची, बीबीसीची, व्हिडिओ टेप महाग म्हणून त्यांनी जुने भाग पुसून टेप परत वापरल्या, नव्वदहून जास्त भाग आजही सापडलेले नाहीत. घरात व्हीसीआर नाही, भाग चुकला की चुकला. १९७३ पासून टार्गेट प्रकाशनाची ही पुस्तकं यायला लागली तेव्हा तिकडच्या पोरांसाठी तेच रेकॉर्डिंग. डिक्स स्वतः मालिकेचा स्क्रिप्ट एडिटर होता, साठच्या वर पुस्तकं लिहिली त्याने, आणि डॉक्टरचं, म्हणजे काळातून फिरणाऱ्या परग्रहवासी नायकाचं, यान उतरतानाच्या धापा टाकत कण्हणाऱ्या आवाजाची तीच ती वाक्यं, कीर्तनातल्या ध्रुवपदासारखी.

आणि गंमत ऐका. 'वेब ऑफ फिअर' १९६८ ला दाखवलेली, सहा भाग, त्यातला फक्त पहिला उरलेला. २०१३ ला नायजेरियात सापडलेल्या फिल्ममधून आणखी चार मिळाले, तिसरा नाहीच. म्हणजे बीबीसीकडे शेवट आहे पण मधलं नाही, आणि माझ्याकडे मधलं सगळं आहे, शेवट नाही! आम्ही दोघांनी पार्टनरशिप करायला हरकत नव्हती.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? तीन? बरं, मूळ मुद्दा पटकन. १९८९ ला मालिका थांबली, १९९१ पासून व्हर्जिन या प्रकाशनाने नव्या कादंबऱ्या काढल्या, आता नक्कल करायला टीव्हीच नव्हता, त्यामुळे लेखक मोकळे सुटले आणि नवख्यांचीही हस्तलिखितं घेतली जायची. पॉल कॉर्नेल त्यातलाच, त्याच्या १९९५ च्या 'ह्यूमन नेचर'मध्ये डॉक्टर साधा माणूस होऊन शाळामास्तर बनतो, आणि २००७ ला तीच गोष्ट टीव्हीवर आली, त्यानेच लिहिली. रसेल डेव्हिसनेही १९९६ ला एक कादंबरी लिहिली होती, २००५ ला मालिका परत सुरू केली ती त्यानेच. आता उष्टं कुणी कुणाचं खाल्लं?

हो हो, थांबतो. डेविड व्हिटेकरचं १९६४ चं, या मालिकेवरचं पहिलं पुस्तक राहूनच गेलं, त्याने मालिकेची सुरुवातच बदलून टाकली होती, धुक्यात गाडीचा अपघात वगैरे, ते चहाच्या वेळी विचारा.