हंडीतला कोंबडा

भर दुपारी जुन्या कबरीवरच्या या दगडावर काही म्हणता काही दिसत नाही. ऊन तिरपं झालं, की अक्षरं उठून येतात. आयर्लंडच्या ढगाळ हवेत उन्हाची वाट कुठवर बघणार? मग बाजूने टॉर्च धरायचा. दगड घासायचा मात्र नाही, शेवाळाबरोबर नावही जातं.

घराण्याचा माग काढणारे इथे येतात, कारण कागद जळाले. 30 जून 1922. यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर भस्मसात झालं. 1821 ते 1851 च्या शिरगणतीच्या बहुतेक वह्या त्यात गेल्या. जन्ममृत्यूची सक्तीची नोंद तर 1864 पासूनची. त्याआधीचा पूर्वज बऱ्याचदा दगडावरच भेटतो.

माथ्यावर तीन अक्षरं: आय, एच, एस. येशूच्या ग्रीक नावाची सुरुवात. ती दिसली की लोक वहीत ‘कॅथलिक’ लिहून मोकळे होतात. घाई नको, प्रॉटेस्टंटांच्या दगडांवरही ती सापडतात. जागेवरूनही पंथ ठरत नाही. जुनी दफनाची आवारं चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चकडे गेली, तरी कॅथलिक कुटुंबं आपल्या माणसांना वाडवडिलांशेजारीच पुरत राहिली. ‘आत्म्यासाठी प्रार्थना करा’ ही ओळ कॅथलिक ओळखायला त्यापेक्षा भरवशाची.

या दगडावर हातोडा, सांडशी, खिळे. पूर्वज सुतार होता? शेजारची शिडी आणि भाला बघा. ही येशूच्या क्रुसाची सामग्री.

आणि त्यातच माझी आवडती खूण: हंडीतून बाहेर येणारा कोंबडा. येशूचा घात करून त्याचा शिष्य ज्यूडास घरी आला, तेव्हा बायको कोंबडा शिजवत होती. येशू पुन्हा उठेल, ही त्याला धास्ती. ती म्हणाली, हा कोंबडा उठला तर तोही उठेल! कोंबडा पंख झाडत हंडीच्या काठावर आला आणि आरवला. आयरिश कानांना त्या आरवण्यात ऐकू येतं, ‘मॅक ना होय स्लान’, कुमारीचा मुलगा सुखरूप आहे. बायबलमध्ये ही गोष्ट शोधू नका. किल्केनीच्या सेंट कॅनिस कॅथीड्रलमध्ये मात्र सोळाव्या शतकातल्या शिळेवर हा कोंबडा आहे.

उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात कवटी आणि हाडं दिसली तर चाचे आठवू नका. स्कॉटलंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांची ती रीत.

आता मजकूर. ‘इरेक्टेड बाय’ पुढचं नाव नवखे मृताचं म्हणून टिपतात. ते दगड उभारणाऱ्याचं, तेव्हा जिवंत असलेल्याचं. कधी त्यापुढे गावही असतं: बोस्टन, न्यूयॉर्क. पुढचे कागद तिथे शोधायचे.